एल्डरबेरीची कढी

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. भाऊबीज.

शिवदासदादा यंदाही आला नाही. सलग पाचवी भाऊबीज. सुमंगलेने सकाळपासून ताट तयार ठेवले होते. निरांजन, सुपारी, नवा शर्टपीस. संध्याकाळी चंद्राला ओवाळले आणि ताट उचलून आत गेली. बायकोला हा एकच भाऊ. माहेरचे म्हणावे असे दुसरे कोणी उरलेले नाही. मलाही वाईट वाटले.

पण चूक माझी नाही, हे इथे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो. २०२१च्या चवथीला मी मिश्र भाज्यांचे खतखते केले. तिरफळे बियांसकट मिक्सरला लावली, कारण सगळा दम बियांतच असतो. शिवाय प्रोटीनसाठी सोयाबीन. दादा एक घास खाऊन म्हणाला, "भावोजी, हें खतखतें न्हय, हें औशद." मी म्हटले, सुके बांगडे खाऊन जीभ मेलेल्या माणसाला काय कळणार? एवढेच. तो भरल्या पानावरून उठला आणि थेट आपल्या घरी, केरीला गेला. त्यानंतर फोनसुद्धा नाही.

बावीस वर्षे मी खाणीच्या कॅन्टीनचा इन-चार्ज होतो. रोज चारशे माणसे जेवत. कुपने मी स्वतःच्या हाताने फाडायचो. माझ्या स्वयंपाकाबद्दल मला कोणी शिकवू नये.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.

मांद्रेची रेश्मा येऊन गेली. ती आमच्या गौरवीबरोबर इंग्लंडमध्ये काम करते, वृद्धांच्या होममध्ये. दिवाळीला घरी आली, तेव्हा लेकीने तिच्याबरोबर सामान पाठवले. चॉकलेटे, माझ्यासाठी लोकरीचे मोजे (मये गावात!) आणि काळ्या सुक्या मण्यांचे एक पाकीट. एल्डरबेरी.

मी लगेच अर्थ लावला. एल्डर म्हणजे वडीलधारे. म्हणजे ही वडीलधाऱ्यांसाठीची बेरी. होममध्ये म्हाताऱ्यांना देत असणार. रेश्मा म्हणाली की तसे काही नाही, एल्डर नावाचे झाड असते. लहान आहे अजून.

पाकिटावर बारीक अक्षरांत बरेच काही छापले आहे. चष्मा डिचोलीला दुरुस्तीला. "कुक" एवढे एक वाचता आले. म्हणजे स्वयंपाकाचीच वस्तू आहे, पूजेची नव्हे. पाकीट फोडून बेऱ्या कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. पाकीट कचऱ्यात.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

गौरवीचा फोन. आमच्याकडे रेंज फक्त परसात, दोन माडांच्या मध्ये. तिथे उभा राहिलो तर शेजारी गवत कापायचे मशीन सुरू. तरी सगळे समजले. आईच्या खोकल्यासाठी पाठवले आहे. कढी कर. वीस मिनटां. गाळून घे. बिया काही तरी. मग आवाज तुटला.

कढी! इतकी वर्षे परदेशात राहून पोरीची जीभ गोव्याचीच राहिली. डोळे भरून आले. गवताची धूळही होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

गौरवीचा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज. "बाबा, त्या एल्डरबेरीविशीं परत सांगतां, कारण फोनार तुका आयकूंक येतालें काय ना खबर ना..." आणि खाली "आणखी वाचा". मला सगळे ऐकू आले होते, त्यामुळे आणखी वाचले नाही. अंगठा पाठवला.

निश्चय: उद्यापासून सकाळी सहाला उठून तळ्याला एक फेरी.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचे लग्न.

फेरी सुरू झालेली नाही. पण फार मोठी बातमी. गौरवीने मामाला फोन करून समजावले. दादा येतोय! पुढच्या रविवारी जेवायला. सुमंगला तुळशीपुढे दिवे लावत होती, मी बातमी सांगितल्यावर तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळले नाही. मग एकदम हसू लागली. असे हसताना तिला बऱ्याच दिवसांनी पाहिले.

समेट खरे तर माझ्यामुळेच. मी चार वर्षे फोन केला नाही, म्हणून तर पोरीला करावा लागला.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

रविवारचा मेनू सुमंगलेने ठरवला. सुंगटांचे हुमण म्हणजे कोळंबीची आमटी, तळलेली इसवण, तांबडी भाजी, शीत-भात, सोलकढी. मी म्हटले, सोलकढी? केरीच्या माणसाला? ज्याने जन्मभर तेच प्यायले, त्याला त्यात काय मान? एल्डरबेरीची कढी करू. समेटाची कढी. पंचक्रोशीत कोणी प्यायलेली नसेल.

ती म्हणाली की गौरवीला एकदा विचारा. मी म्हटले, तिनेच सांगितलेय. ती म्हणाली की मग ती उकळायची असेल. मी इतका हसलो की ठसका लागला. कढी कोण उकळतो? सोलां आपण पाण्यात भिजवतो, पिळतो, नारळाचा रस घालतो, झाले. महाराष्ट्रात ताकाची कढी चुलीवर ठेवतात, तो त्यांचा प्रश्न. शिवाय ही बेरी वाळवलेली. उन्हात वाळली म्हणजे उन्हाने शिजवलीच. शिजलेले परत काय शिजवायचे?

हे शास्त्र तिला पटले. काही बोलली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.

ट्रायल. दहा बेऱ्या वाटीभर पाण्यात वीस मिनटां. घड्याळ लावून. रंग असा उतरला की बघत राहावे, सोलांपेक्षा गडद. बोट बुडवून चाखले. किंचित आंबट, किंचित मातीसारखे. उच्च अभिरुची लागते.

संध्याकाळी ६. दोन तास झाले, मला काहीही झालेले नाही. बोट जांभळे आहे, बाकी ठणठणीत. ट्रायल यशस्वी.

८ नोव्हेंबर, शनिवार.

सुमंगलेने हात जोडून विनंती केली की उद्या तुम्ही बाहेर बसा, दादाशी गप्पा मारा, चुलीकडेन येऊं नाकात. चार वर्षांनी येतोय, आता परत काही झाले तर या वयात पुन्हा जुळणार नाही.  मी तोडगा काढला. जेवण सगळे तिचे, कढी फक्त माझी. मग ती दोन माडांच्या मध्ये जाऊन कुणाला तरी फोन करून आली. बहुतेक रुक्मिणीला, सुंगटांसाठी. रुक्मिणी आमची मासळीवाली.

माझे निश्चय उद्यासाठी: चिडायचे नाही. खतखत्याचा विषय काढायचा नाही. बांगड्याचा तर नाहीच. दादाने कढीची स्तुती केली तर नम्र राहायचे.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.

अख्खी बाटली भिजवली. वीस मिनटांनी पिळायला गेलो तर बेऱ्या कडक. बिया वाया जाऊ नयेत म्हणून सगळे मिक्सरला. वर खोबऱ्याचा रस, लसूण, एक मिरची, मीठ, कोथिंबीर. गाळले, पण जाड गाळणीने, म्हणजे दम खाली राहू नये. सुंदर जांभळी कढी. काचेच्या जगमध्ये फ्रीजला.

दुपारी २.

दादा आला. केस सगळे पांढरे झालेत. फेरीबोटीवर होता तेव्हा केवढा रुबाब होता त्याचा. सुमंगलेने दारात त्याच्या पायांना हात लावला, त्याने तिच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही. दोघेही रडत होते. मी म्हटले, आधी कढी घ्या.

दादाने पहिला घोट घेतला आणि थांबला. माझ्याकडे पाहिले नाही, सुमंगलेकडे पाहिले. मग म्हणाला, "बरी आसा." बरी! त्याच्या तोंडून! आणि पेला एका दमात रिकामा. मी लगेच दुसरा भरला. "पुरो, भावोजी," म्हणाला, संकोचाने. मी आग्रह केला. तोही संपवला. दोन पेले! खरा दर्दी माणूस. इतकी वर्षे मी त्याला ओळखले नाही. मीही एक पेला घेतला. सुमंगला वाढण्याच्या गडबडीत, तिने एकच घोट घेऊन बाजूला ठेवला. जेवणभर कुणाचा आवाज चढला नाही. चार वर्षांचे वैर एका जगने संपले.

गौरवीला मेसेज: "कढी हिट."

दुपारी ४.३०.

दादा परसात गेला आहे. बराच वेळ झाला. आवाज बरे येत नाहीत.

५.१५.

मीही परसात जाऊन आलो. सुंगटां शिळी असणार. रुक्मिणीला उद्या बघतो. दादाला उभे राहवत नाही, घाम फुटलाय. सुमंगलेने शेजारच्या शांतारामला हाक मारली आहे, तो रिक्षा काढतोय. डिचोलीला डॉक्टरकडे नेतोय. पुढे लिहायला वेळ नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.

दादाला सलाइन लावून ठेवून घेतले आहे. उलट्या थांबल्या, अशक्तपणा फार. सुमंगला तिथेच बसून. मला घरी पाठवले. डॉक्टरांनी विचारले की काय खाल्ले, मी स्पष्ट सांगितले, सुंगटां.

रुक्मिणीच्या घरी गेलो. सोमवार, त्यामुळे ती आज बाजारात नव्हती, घरी निवांत अंगण सारवत होती. मी झाडले तिला. ती सारवता सारवता म्हणाली की अख्ख्या गावाने काल माझीच सुंगटां खाल्ली, वांती फक्त तुमच्याच घरात कशी आली?  बाईच्या तोंडी लागू नये.

दुपारी १२.

गौरवीचा फोन. गवताचे मशीन बंद होते, प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. माझा मेसेज तिने आत्ता पाहिला. विचारले, "बाबा, कढी म्हणजे? उकळयलीं मू तुवें तीं?" मी म्हटले, कढी कोण उकळतो? 

ती काढो म्हणाली होती. काढो. काढा. कढी नव्हे.

मग तिने जे सांगितले ते इथे उतरवतो, कारण सुमंगलेने वही आणून समोर बसून लिहायला लावायच्या आत लिहिलेले बरे. एल्डरबेरी कच्ची कधीच घ्यायची नाही. वाळवलेलीसुद्धा कच्चीच, ऊन तिच्यातले विष मारत नाही, उकळी मारते. देठ असतील तर निवडून टाकायचे. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, खळखळून निदान वीस मिनिटे उकळायची. मग बारीक कपड्याने गाळायची आणि बिया फेकायच्या. वाटायच्या नाहीत. बियांतच सगळे असते.

म्हणजे बियांत दम असतो हे माझे म्हणणे बरोबरच होते. फक्त दम वेगळ्या प्रकारचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन "आणखी वाचा" दाबले. हेच सगळे. दहा दिवस तिथे पडून होते.

दुपारी ३.

डॉक्टरांना जाऊन खरे सांगितले. माझे वय, माझा हुद्दा, काही उपयोगाचे ठरले नाही. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारले की पिणाऱ्याला चव लागली नाही का? मी म्हटले, आवडली, दोन पेले घेतले. त्यांनी काही तरी लिहिले. उद्या सोडतो म्हणाले, पण केरीपर्यंतचा प्रवास इतक्यात नको, चार दिवस बहिणीकडेच ठेवा.

दादा कॉटवर डोळे मिटून पडला होता. मी त्याच्या पायाशी उभा राहिलो. माफ करा म्हणायचे ठरवून गेलो होतो. तोंडातून निघाले, सोलांसारखीच दिसते ना, म्हणून. त्याने डोळे उघडले आणि मान हलवली. बरे वाटले.

खरे म्हणजे भीती वाटली होती. रिक्षात त्याने माझ्या खांद्यावर डोके टाकले, तेव्हा मी त्याचे श्वास मोजत होतो. हे काल लिहिले नव्हते.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

दादा घरी. सुमंगलेने पेज केली, वर लोणच्याची फोड. तो गादीवर, ती शेजारी पाटावर. दिवसभर दोघांचे बोलणे चाललेय. आईचे, केरीच्या घराचे, पावसात फेरीबोट मध्येच बंद पडली होती त्याचे. मी आत गेलो की दोघे गप्प होतात. आजाऱ्याला विश्रांती हवी, हे त्यांना समजते आहे.

एका अर्थी बघितले तर चार वर्षांनी भाऊ बहिणीच्या घरी चार दिवस राहतोय, ते कुणामुळे? नुसती सोलकढी असती तर रविवारीच चहा घेऊन गेला असता. हा विचार सुमंगलेला सांगितला. तिने हातातली पेज ढवळायची कुलेर खाली ठेवली आणि मला बाहेर बसायला सांगितले.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

रेश्मा तिच्याकडच्या मूठभर एल्डरबेऱ्या देऊन गेली. सुमंगलेचा खोकला जात नाही, म्हणून आज काढा झाला, शांतारामच्या वाय-फायचा पासवर्ड घेऊन व्हिडिओ कॉलवर, गौरवीच्या देखरेखीखाली. गौरवीने आधी आईला विचारायला लावले की चालू असलेल्या गोळ्यांबरोबर घेतलेला चालतो का. डॉक्टरांना फोन केला, चालतो म्हणाले. सुमंगलेने चुलीकडेन माझ्यासाठी जागा आखून दिली: दाराच्या चौकटीपर्यंत. काम दोन. फोन धरणे आणि घड्याळ बघणे. मी बावीस मिनिटे होऊ दिली. दोन मिनिटे माझ्यातर्फे.

गाळून, निवल्यावर मध घालून तिने घेतला. चांगला लागला म्हणाली. दादाला विचारले, थोडा घेणार? त्याने झोपल्याजागी दोन्ही हात जोडले. मग तो आणि सुमंगला इतकी हसली, की फोनमधली गौरवीही हसायला लागली. मीही हसलो. नक्की कशाला ते माहीत नव्हते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.

दादा अंघोळीला गेला होता. सुमंगला शेंगा सोलत होती. मी सहज म्हटले, की काही झाले तरी कढी त्याला आवडली होती, दोन पेले म्हणजे खोटे नव्हे.

तिने शेंग हातातच धरली. म्हणाली, दादान पयल्याच घोंटाक वळखलें. पहिल्या घोटालाच त्याला कळले की काही तरी कच्चे आहे, बिघडलेले आहे. त्याचे आयुष्य पाण्यावर गेले, नाक कुत्र्यापेक्षा तिखट. शनिवारी परसातून तिने फोन केला होता तो रुक्मिणीला नव्हता. त्यालाच केला होता. सांगितले होते, ते काही तरी करून ठेवतील, तू काहीही म्हणू नकोस. जे देतील ते पी. बरे आहे म्हण. आणखी चार वर्षे बसायची ताकद माझ्यात नाही.

म्हणून त्याने पहिला पेला संपवला. आणि मी दुसरा भरला.

मी विचारले, तू मला आधी का सांगितले नाहीस? म्हणाली, काय सांगायचे? आणि शेंगा सोलू लागली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी १०.

दादा केरीला गेला. सुमंगला त्याच्याबरोबर गेली, आठ दिवस राहून येते म्हणाली. चार वर्षांनी माहेरी. नवी साडी नेसली होती. शर्टपीस आठवणीने पिशवीत घातला. निघताना दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, केरीला या, भावोजी, आम्ही रांधू. मनापासून म्हणाला.

फ्रीजमध्ये सात डबे. प्रत्येकावर चिठ्ठी: शुक्रवार, शनिवार, रविवार... फक्त गरम करायचे. मी गाडीपाशी जाऊन म्हटले, अगं, एवढे कशाला केलेस, मला येतो की स्वयंपाक.

ती काही बोलली नाही. दादाही काही बोलला नाही. गाडी सुरू झाली.

घरात येऊन जुन्या वह्या काढल्या. ३ मार्च १९९४: मी भरली वांगी केली, सुमंगला काही बोलली नाही, आवडली. ११ जून २००२: फणसाची भाजी, काही बोलली नाही, आवडली. २०१० मध्ये हेच वाक्य मी चौदा वेळा लिहिले आहे. पुढच्या वह्या उघडल्या नाहीत.

शुक्रवारचा डबा गरम केला. छान झालाय.